खाक्या दाखवताच

इथं बेळगावात सकाळी पेपर आला की घरात बायको आधी सोन्याचा भाव बघते आणि मी तिसरं पान. तिसऱ्या पानावर महिन्यातून दोन-तीनदा एक वाक्य हमखास भेटतं : 'पोलिसी खाक्या दाखवताच संशयिताने गुन्ह्याची कबुली दिली.' दुचाकी चोरीला गेलेली असो, मंगळसूत्र हिसकावलेलं असो की मळ्यातली मोटार उचलून नेलेली असो, वाक्य तेच. छापून छापून ते इतकं गुळगुळीत झालंय की डोळा त्यावरून घसरून थेट 'मुद्देमाल जप्त'वर जाऊन थांबतो.

एकदा थांबून वाचा. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये हे होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्येही ते आहे. ते घातलं इंग्रजांनी, कारण इथले शिपाई कबुली कशी काढतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वर, कबुलीसाठी माणसाला मारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 120 : सात वर्षांपर्यंत कैद, दुखापत गंभीर असेल तर दहा. म्हणजे त्या एका ओळीत बातमीदाराने दोन गोष्टी कळवल्या. एक, जी कबुली म्हणून कोर्टात चालत नाही. दुसरी, जिच्याबद्दल खरं तर गुन्हा नोंदवायला हवा. आणि आपण ती ओळ चहात खारी बुडवत वाचतो.

मराठीत मारहाणीला किती लाडकी नावं आहेत. चौदावं रत्न, प्रसाद, पाहुणचार, चोप, खाक्या. अटक झाली तरी नुसती अटक होत नाही, 'मुसक्या आवळल्या' जातात. मुसक्या म्हणजे दोन्ही हात पाठीमागे ओढून बांधणं, हे लिहिणाऱ्याच्याही ध्यानात नसतं. कन्नड मागे आहे असं नाही. तिकडे गर्दीने एखाद्याला धरून बडवला की छापून येतं 'धर्मदेटु', धर्माचा तडाखा. पोलिसांच्या लाठीला मराठी पेपर 'सौम्य लाठीमार' म्हणतो, कन्नड पेपर 'लघु लाठी प्रहार'. 1956 पासून ज्या दोन भाषांचं एका फलकावर जमत नाही, त्यांचं या एका बाबतीत छान जमतं.

आता त्याच पेपरचं पहिलं पान काढा, 1 नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, सीमाभागातला मराठी माणूस पाळतो त्या काळ्या दिनाच्या दुसऱ्या दिवसाचं, किंवा कर्नाटकच्या अधिवेशनाविरुद्ध भरणाऱ्या मराठी महामेळाव्याच्या धरपकडीनंतरचं. तिथं 'अमानुष', 'दडपशाही', 'निष्पाप मराठी तरुण'. काठी तीच, काठीमागचा हातही कदाचित तोच. शब्द बदलला, कारण पाठ आपली होती. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या पानावर बोलण्याचा आमचा जो हक्क आहे, तो आम्हीच रोज थोडा थोडा तिसऱ्या पानावर घालवत आलोय.

पहिल्या पानावरचं दुःख खोटं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा मराठी माणूस पोलिसांच्या बळाबद्दल ऐकीव बोलत नाही. 17 जानेवारी 1956 चा गोळीबार आमच्या आज्यांनी सांगितला, जून 1986 मधलं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन आमच्या पिढीने पाहिलं. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी आजही लोक जमतात ते काही हौसेने नाही. येळ्ळूर तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. जुलै 2014. 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला गावचा फलक कोर्टाच्या आदेशाने काढला, गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, पुन्हा काढला गेला आणि त्या दिवशी पोलीस घराघरांत शिरले. म्हातारी माणसं, बायका, कोणी सुटलं नाही. फलक काढणं बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. पण फलक काढायला फलकापर्यंत जावं लागतं, माजघरापर्यंत नाही.

हे सगळं असूनही, आमचा या प्रश्नावरचा आवाज वेशीबाहेर का पोचत नाही? मला याचं उत्तर डिसेंबर 2024 च्या बारा दिवसांत मिळालं.

9 डिसेंबरला बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं. दरवर्षीप्रमाणे महाराष्ट्र एकीकरण समितीने महामेळावा जाहीर केला, परवानगी नाकारली गेली, नेत्यांना आणि कार्यकर्त्यांना गाड्यांत घालून नेलं. दुसऱ्या दिवशी, 10 तारखेला, आरक्षणाच्या मागणीसाठी आलेले पंचमसाली लिंगायत विधानसौधाकडे निघाले आणि हमरस्त्यावर लाठीमार झाला. आधी दगड की आधी लाठी, यावर दोन्ही बाजू आपापलं सांगतात. 19 तारखेला भाजपचे विधान परिषद सदस्य सी. टी. रवी यांना विधानसौधाच्या आवारातूनच अटक झाली. सभागृहात एका महिला मंत्र्यांबद्दल त्यांनी अपशब्द वापरला अशी तक्रार होती. त्यांनी ती नाकारली. आधी हिरेबागेवाडी ठाणं, मग खानापूर, मग रात्रभर गाडीतून इकडून तिकडे. डोक्याला जखम. पोलीस म्हणाले, सुरक्षेसाठी जागा बदलत होतो. 20 तारखेला उच्च न्यायालयाने त्यांना सोडण्याचा अंतरिम आदेश दिला.

त्या रात्री मी कन्नड वाहिन्या बघत होतो. चर्चेत अटकेचे नियम घालून देणारा सुप्रीम कोर्टाचा डी. के. बसू खटला, अटकेचा मेमो, नातेवाइकांना कळवणं, वैद्यकीय तपासणी, नोटीस न देता अटक कशी, सगळं आलं. बरं वाटलं. मग वाटलं, 9 तारखेला ज्यांना गाडीत घातलं त्यांच्या वेळी हा बसू कुठं होता? आणि आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या चहाच्या गाड्यावर सकाळी वेगळीच मौज. कालपर्यंत दडपशाही-दडपशाही म्हणणारी आमचीच मंडळी हसत होती, 'बघू दे की त्येलाबी जरा.' पंचमसालींच्या डोक्यावर पट्ट्या होत्या, त्यांच्याबद्दल तर कोणाला हसूही आलं नाही आणि दुःखही. बारा दिवसांत तीन वेगवेगळ्या लोकांना एकाच पोलीस दलाने धरलं, आणि तिघांचे कैवारी एकमेकांच्या वेळी गप्प. राज्य कोणाचंही असो, पोलीस खात्याला यापेक्षा सोयीचं दुसरं काय असणार?

बळ वापरायचंच नाही असं कायदा म्हणत नाही, मीही म्हणत नाही. चाकू घेऊन अंगावर येणाऱ्याला 'या बसा' म्हणून नेता येत नाही. पण कायद्याने माप ठरवून दिलंय आणि ते समजायला वकील लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 प्रमाणे, माणूस शब्दाने किंवा कृतीने स्वाधीन झाला तर अटक करायला त्याला हात लावायचीही गरज नाही. त्याने जोर लावून विरोध केला किंवा निसटायचा प्रयत्न केला तरच आवश्यक ते बळ. पुढे कलम 46 : पळून जाऊ नये म्हणून लागेल त्याहून जास्त बंधन घालायचं नाही. जुन्या संहितेतही हेच होतं, कलमांचे आकडे तेवढे वेगळे. माप पळण्याचं आहे, पापाचं नाही. त्याने काय केलं, किती घाणेरडं केलं, याचा हिशेब काठीने करायचा नाही. त्यासाठी समोर कोर्ट आहे. माणूस खाली बसला, हात वर केले, की त्यानंतरचा प्रत्येक फटका हा अटकेचा भाग उरत नाही.

हे माप आपल्याला आवडत नाही, हीच खरी अडचण. मोबाइलवर रोज एखादी रील येते : काल तलवार नाचवणारा 'भाई' आज लंगडत चाललाय, बाजारपेठेतून त्याची धिंड काढलीय, मागे गाणं लावलंय. लाखो लाइक. तो काल व्यवस्थित चालत होता आणि आज लंगडतोय, मधल्या रात्री काय झालं हे लाइक करणाऱ्या प्रत्येकाला कळतं. म्हणूनच तर लाइक. एप्रिल 2025 मध्ये हुबळीत पाच वर्षांच्या मुलीचा खून झाला. संशयित त्याच दिवशी पोलिसांच्या गोळीने मेला. मी खोटं बोलणार नाही, बातमी ऐकली तेव्हा माझ्याही तोंडून 'बरं झालं' गेलं. घरात नात आहे. पण दोन दिवसांनी डोकं थंड झाल्यावर जाणवलं की तो तोच होता हे सिद्ध करणारा खटला आता कधी उभाच राहणार नाही. बदलापूरच्या प्रकरणात सप्टेंबर 2024 मध्ये आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला, तेव्हाही फटाके वाजले. नंतर दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने बोट ठेवलं ते गाडीतल्या पोलिसांवर. फटाके तर परत घेता येत नाहीत.

आता आमच्याकडचा नेहमीचा युक्तिवाद. हे कन्नड पोलीस, कानडी सरकार, म्हणून मारतात. महाराष्ट्रात गेलो की सुटलो. मी सीमाभागातच वाढलोय, महाराष्ट्रात जायची ओढ मला कोणी शिकवायला नको. पण सांगली बेळगावपासून लांब नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात चोरीच्या संशयावरून धरलेला एक तरुण कोठडीतल्या मारहाणीत मेला. ज्यांनी मारलं त्यांनी त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला आणि तो पळून गेला असं सांगितलं. आंबोली, जिथं आपण पावसाळ्यात भजी खायला जातो ती. मारणारे मराठी, मरणारा मराठी, शिव्याही मराठीतच दिल्या असतील. आणि डिसेंबर 2024 च्या त्याच पंधरवड्यात, इकडे बेळगावात हे सगळं चाललेलं असताना, परभणीत धरपकडीत सापडलेला कायद्याचा एक विद्यार्थी 15 तारखेला न्यायालयीन कोठडीत मेला. म्हणजे नकाशावरची रेघ सरकली तर गाडीवरचा नंबर बदलेल. कोठडीतली भिंत बदलत नाही.

मग भाषेचा काहीच संबंध नाही का? आहे. पण आपण समजतो तिथं नाही.

पोटापाण्यासाठी मी कागद भाषांतरित करतो. कोर्टाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धं टेबल माझं. मराठी माणूस कन्नड कागद घेऊन येतो : उतारा, नोटीस, समन्स, चार्जशीट. मी कन्नडमधून मराठीत सांगतो, हवं तर लिहून देतो. दोन पावसाळ्यांपूर्वी खानापूरच्या पलीकडून, जंगलपट्टीतल्या एका गावातून, एक बाई आली. पदराआड प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेले चार कागद. "काय लिवलंय तेवढं बघा की ओ." तिच्या पोराला जत्रेतल्या भांडणावरून नेलं होतं. वय एकोणीस.

तिसरा कागद शरीर तपासणीचा होता. डी. के. बसू निकालाने 18 डिसेंबर 1996 रोजी अकरा सूचना दिल्या, त्यातलीच ही एक : अटक केलेल्याने मागणी केली तर त्याच्या अंगावरच्या लहान-मोठ्या सगळ्या जखमा लिहायच्या, त्यावर पोलीस अधिकारी आणि तो स्वतः, दोघांनी सही करायची, प्रत त्याला द्यायची. छापील नमुना. जखमांच्या रकान्यात निळ्या पेनाने एक शब्द : इल्ला. नाही. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, गाळलेली जागा भरल्यासारखी, देवनागरीत पोराची सही. अक्षर शाळकरी, आडनावाची वेलांटी ओळीबाहेर गेलेली.

"नाही लिहिलंय," मी म्हणालो. "अंगावर काही जखम नाही म्हणून."

बाई माझ्याकडे बघत राहिली. "आन् त्येनं सही क्येली?"

"केलीय."

"त्येला काय कळतंय ओ त्यातलं. साळंत कन्नड हुतं, पस्तीस मार्कापुरतं." मग जरा थांबून म्हणाली, "काल भेटलं तवा पायरीवर बसलं हुतं. उभं ऱ्हाता येईना त्येला."

त्या कागदावर कोणी खोटं लिहिलं, कोणी न बघता लिहिलं, हे मला माहीत नाही. त्या ठाण्याचं नाव मी इथं घेत नाही आणि घेऊन उपयोगही नाही, कारण तो छापील नमुना सगळीकडे सारखाच भरला जातो. मला बोलायचंय त्या सहीबद्दल. बसू निकालाने त्या पोराच्या हातात जे एकमेव हत्यार दिलं होतं, ते त्याने स्वतःच्या हाताने पोलिसांना परत केलं, कारण त्याला वाचता आलं नाही. काठीची भाषा सगळ्यांना कळते. कागदाची कळत नाही, आणि काठीचा हिशेब मागायचा तर तो कागदावरच मागावा लागतो. भाषेचा संबंध आहे तो असा.

हे सुप्रीम कोर्टाला कळत नाही असं नाही. 1962 मध्येच हरिकिसन खटल्यात त्यांनी सांगितलं होतं की स्थानबद्ध केलेल्याला कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. त्या माणसाला हिंदी येत होती आणि हातात कागद इंग्रजी ठेवले होते. 6 नोव्हेंबर 2025 ला वरळीच्या गाडी-अपघात प्रकरणातल्या निकालाने तर सगळ्याच गुन्ह्यांना ते लागू केलं : अटकेची कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि रिमांडसाठी कोर्टापुढे उभं करण्याआधी किमान दोन तास द्यायची. नाही दिली तर अटकही बेकायदा, रिमांडही. बेळगाव जिल्ह्याइतका हा निकाल देशात फार थोड्या ठिकाणी उपयोगाचा असेल. आमच्याकडे त्याची बातमी आली, मुंबईच्या नेतेपुत्रांच्या गाड्यांची चर्चा झाली आणि पान उलटलं.

आमच्या चळवळीबद्दल मला आदर आहे, म्हणून हे लिहितोय. पाट्या मराठीत हव्यात म्हणून आम्ही मोर्चे काढले, परिपत्रकं आणि उतारे मराठीत हवेत म्हणून निवेदनं दिली, ज्या तालुक्यात अल्पसंख्याक भाषा 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहे तिथं त्या भाषेत सरकारी सूचना द्यायच्या हा दंडक दर जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर आपटला. बरोबरच केलं. पण अटकेचा कागद मराठीत द्या, म्हणून एखादा मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही. बसच्या पाटीवर गाव कोणत्या लिपीत लिहिलंय हे वाचता आलं नाही तर माणूस फार तर चुकीच्या गावात उतरेल.

पोलिसांच्या बाजूनेही थोडं. अधिवेशनाच्या बंदोबस्ताला राखीव दलाची पोरं कुठून कुठून येतात. मंगल कार्यालयात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं, पहाटे उठून रस्त्याकडेला उभं राहायचं, लघवीला जायचं तर विचारून जायचं. एका वर्षी चामराजनगरकडचा एक शिपाई चहाच्या गाड्यावर माझ्याशेजारी उभा होता. मला कन्नड येतं म्हटल्यावर खुलला. म्हणाला, "'चला' अंद्रे एनु?" 'चला' म्हणजे काय? मी विचारलं, का रे बाबा? आदल्या दिवशी कुठल्याशा चौकात जमाव त्याच्यासमोर 'चला रे चला' करत हलला आणि त्याला वाटलं चालून येतायत. त्याने काठी उचलली. ते पांगत होते की पुढे येत होते, त्याला अजून ठाऊक नव्हतं, मलाही नाही. पण एक तर खरं, त्या पोराला कोणी चार मराठी शब्द शिकवून इथं पाठवलं नव्हतं. थांबा, बसा, मागे व्हा, कागद दाखवा. दहा मिनिटांचं काम. त्याला काठी दिली, ढाल दिली, आणि जिथं काठी न उचलता काम भागलं असतं तो शब्द द्यायचा राहिला.

पोलीस कमी पडतात, उशिरा येतात, ही तक्रारही मी विसरलेलो नाही. डिसेंबर 2023 मध्ये बेळगावजवळच्या नव्या वंटमुरीत एका बाईला विवस्त्र करून खांबाला बांधलं, का, तर तिचा मुलगा मुलीला घेऊन पळाला म्हणून. तिथं हवे होते पोलीस, हवं होतं बळ, आणि ते वेळेवर पोचलं नाही. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मुख्य न्यायमूर्ती तेव्हा प्रसन्न वराळे होते, आपल्या निपाणीचे. तेव्हा बळ नकोच म्हणणारा मी नाही. जिथं हवं तिथं नाही आणि पायरीवर बसलेल्या पोरावर आहे, हे दुखणं.

तक्रार केली तर? करतात लोक. आमच्या राज्यात 1963 च्या कर्नाटक पोलीस कायद्याचं कलम 170 आहे. पोलिसाने कर्तव्य करताना, अगदी कर्तव्याच्या पुढे जाऊनही काही केलं, तर त्याच्यावर खटला भरायला आधी सरकारची मंजुरी. 2020 मध्ये बेंगळुरूच्या एका मारहाणीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच उचलून धरलं : कृतीचा कर्तव्याशी वाजवी संबंध असला तर अतिरेकालाही मंजुरी लागते. मंजुरी देणार कोण, तर ज्यांच्या हुकमाने बंदोबस्त लागतो ते. त्यामुळे मागाहून भांडण्यापेक्षा पहिल्या चोवीस तासांतले पुरावे हाच खरा आधार. 2 डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासकट कॅमेरे लावायला सांगितले, दारापासून कोठडीपर्यंत, आणि चित्रीकरण अठरा महिने जपायला. 'आमच्या पोराला मारलं' म्हणून ठाण्यासमोर शंभर माणसं जमवण्यापेक्षा एका माणसाने त्याच संध्याकाळी 'अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रीकरण जपून ठेवा' असा अर्ज देऊन त्यावर पोच घेतली तर अधिकारी जास्त घाबरतो. घोषणेची पोच मिळत नाही.

आणि तो अर्ज फक्त मराठी पोरासाठी द्यायचा नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये बाळेकुंद्रीकडच्या बसमध्ये भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली, तेव्हा दोन्हीकडून बसगाड्या बंद पडल्या, मार्चमध्ये कर्नाटक बंद झाला. तिकडचे म्हणत होते या पोरांना चौदावं रत्न दाखवा, आणि इकडचे म्हणत होते कंडक्टरवरही गुन्हा आहे, त्यालाही दाखवा. अटक मागा, जरूर मागा. मारहाण करणारा मराठी आहे म्हणून त्याला माफी नाही. पण अटकेबरोबर चोप मागितला की पुढच्या 1 नोव्हेंबरला आपल्याला मिळणारा चोपही आपणच आगाऊ मंजूर करून ठेवलेला असतो.

मला मित्र म्हणतात, तू गुंडांची वकिली करतोस. किंवा म्हणतात, आधी 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलेला सीमाप्रश्नाचा दावा निकाली निघू दे, मग हे बघू. दाव्याला लागायची तेवढी वर्षं लागू देत. त्या एकोणीस वर्षांच्या पोराला चोवीस तासांत कोर्टात उभं करावं लागतं.

त्याचं पुढं काय झालं ते सांगतो. बाईचा चौथा कागद होता रिमांडच्या ऑर्डरची प्रत. त्यात एक ओळ नेहमीची असते : पोलिसांकडून छळ झाल्याची तक्रार आहे का, असं आरोपीला विचारलं, त्याने नाही सांगितलं. मी ती वाचून दाखवली. पोरगं जामिनावर सुटल्यावर आईबरोबर माझ्या टेबलापाशी आलं, तेव्हा मी त्याला विचारलं, साहेबांनी विचारलं होतं का रे तुला?

म्हणाला, "इचारलं हुतं. 'पोलीसरिंद एनादरू तोंदरे आगिदेया' का कायतरी. मला वाटलं, आधीची केस हाय काय म्हणून इचारलालेत."

"मग तू काय म्हणालास?"

"इल्ला म्हनलो. तेवढं कन्नड येतंय."